काडतूस
बंदुकीच्या एका बाराची तयार सामग्री. पितळी कोशात दारू, बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, तोंडाशी गोळी. शिकारी बंदुकीत बहुधा छर्रे. नावातले आकडे फसवे असतात. ७.६२ × ३९ आणि ७.६२ × ५१ मिमी. यांत पहिला आकडा तोच, पण कोश वेगळा. एकाचे काडतूस दुसऱ्याच्या रायफलीत चालत नाही. बोअरचे गणित तर उलटेच. नळीच्या व्यासाच्या १२ शिसगोळ्या मिळून एक पौंड भरल्या की ती १२ बोअर. म्हणून २० बोअर तिच्याहून अरुंद. २० बोअरचे काडतूस चुकून १२ बोअरमध्ये घातले, तर ते नळीत पुढे घसरून अडकते आणि मागची जागा रिकामी दिसते. त्यामागे १२ बोअरचे घालून बार काढला की नळी फुटते. २० बोअरचे काडतूस पिवळे ठेवतात ते यासाठीच.