‘लागणें’ आणि ‘लगना’ : वर्धेकडील एक शब्दविचार

वर्ध्याहून नागपूरच्या मार्गानें निघालें म्हणजे धाम नदीच्या कांठीं पवनार लागतें. हिंदी बोलणारा मनुष्य हेंच सांगतांना ‘पवनार पड़ता है’ म्हणेल. ‘लगता है’ म्हणणार नाहीं. धातु दोन्ही भाषांत असतां येथेंच वाट कां फुटावी, याचा विचार प्रस्तुत टिपणांत करावयाचा आहे.

धातूचें मूळ निर्विवाद आहे. धातुपाठांत लग् याचा अर्थ संग, म्हणजे चिकटणें, असा दिला आहे. पूर्वक्षितिजास राशि लागते तें लग्न, आणि तें साधून होणारा विवाहहि लग्नच! प्राकृतांत ‘लग्गइ’ झालें. हेमचंद्रानें तें नोंदलें आहे. पुढें मराठींत द्वित्व जाऊन स्वर दीर्घ झाला. खडी बोलींत तो ऱ्हस्वच राहिला, अवधींत मात्र दीर्घ आढळतो.

अर्थाचा पुष्कळसा भाग सामाईक आहे. भूक लागते, आग लागते, आंबा गोड लागतो, मूल रडूं लागतें, हे सर्व प्रयोग हिंदींत जसेच्या तसे होतात. भेद पडतो तो सक्तीच्या अर्थीं. ‘मला जावें लागतें’ यास हिंदींत ‘मुझे जाना पड़ता है’ असें म्हणतात. येथें आरंभींचें पवनार पुन्हां आठवावें. वाटेंत येणाऱ्या गांवास आणि टाळतां न येणाऱ्या कामास मराठी एकच क्रियापद लावते व हिंदीहि एकच लावते. क्रियापदें तेवढीं निराळीं. सक्तीचा अर्थ ‘वाटेंत येणें’ यावरूनच निघाला असावा, असें आम्हांस वाटतें.

व्याकरणहि यास अनुकूल आहे. ‘करावें’ हें संस्कृत ‘कर्तव्यम्’, प्राकृत ‘करिअव्व’ यांचें वंशज. तें मूळचें विशेषण, म्हणून ‘भाकरी करावी लागते’, ‘कामें करावीं लागतात’ असें लिंगवचन पाळतें. आणि ‘जावें’ हें ‘गन्तव्यम्’प्रमाणें भावीं नपुंसकच राहतें. कर्तव्य हेंच येथें उद्देश्य. तें ‘मला’ येऊन लागतें. ‘रोटियाँ बनानी पड़ती हैं’ असा मेळ हिंदींतहि आहे, तेव्हां केवळ मेळावरून कांहीं सिद्ध होत नाहीं. परंतु तेथील रूप -अनान्त आहे, तव्यान्त नव्हे. सबब मराठीची ही रचना हिंदीवरून आली, असें कोणी म्हटल्यास तें टिकणारें नाहीं.

उलट देवाणघेवाण मात्र आमच्या डोळ्यांदेखत झाली. हा जिल्हा १८६२ सालीं नागपुरांतून वेगळा निघाला, व १९५६ पर्यंत मराठी-हिंदी अशा द्वैभाषिक प्रांतांत राहिला. राष्ट्रभाषा प्रचार समितीहि १९३६ सालीं येथेंच स्थापन झाली. इकडच्या बोलींत ‘करावें’चा ‘वें’ गळून ‘मले जा लागते’, ‘करा लागते’ असें म्हणतात. तीच मुलें हिंदी निबंधांत ‘मुझे जाना लगता है’ लिहीत, आणि आम्ही तें तांबड्या शाईनें खोडीत असूं. परीक्षेपुरतें तें खोडणें योग्यच होतें. पण शेजारीं ‘अशुद्ध’ एवढेंच लिहीत असूं, ‘मराठी’ असें लिहावयास हवें होतें.