बैल एकाचा, बोलणारे दुसरेच

नेकनूरचा जनावरांचा बाजार माहीत नाही असा शेतकरी आपल्या बीड जिल्ह्यात सापडणं अवघड. पण दावणीच्या बैलाचं पुढं काय करायचं, हे ठरतं मुंबई-दिल्लीत. ते कसं ठरतं हे कळावं म्हणून मी गावातल्या कॉलेजच्या पोरांची अभिरूप विधानसभा भरवली. चिठ्ठ्या टाकून भूमिका वाटल्या: मंत्री, गोरक्षणवाले, व्यापारी, पर्यावरणासाठी मांस कमी खा म्हणणारा कार्यकर्ता आणि म्हातारा बैल विकायला निघालेला शेतकरी.

आधी इतिहास बघू. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ठाकूरदास भार्गव यांनी शेती आणि दुधाचं कारण देऊन गोवंश रक्षणाचं कलम मांडलं. सय्यद सादुल्ला म्हणाले, धर्माचं कारण असेल तर उघड सांगा, अर्थकारणाच्या आडून नको. शेवटी कलम ४८ आलं. १९५८ मध्ये सुप्रीम कोर्टानं कुरेशी खटल्यात गाय-वासरांच्या कत्तलीवरची बंदी मान्य केली, निकामी बैलावरची सरसकट बंदी मात्र नाही. आपला १९७६ चा कायदा त्याच चौकटीतला: गाय नाही, बैल दाखला घेऊन. १९९५ ला युती सरकारच्या काळात बैल आणि वळूही बंदीत घेणारं विधेयक मंजूर झालं आणि राष्ट्रपतींच्या संमतीसाठी वीस वर्षं अडकलं. मधे २००५ ला सात न्यायमूर्तींच्या खंडपीठानं बहुमतानं १९५८ चं मत फिरवलं. शेण-गोमूत्र देणारा बैल निकामी कसा, हा त्यांचा एक मुद्दा. मार्च २०१५ ला कायदा लागू झाला, पाच वर्षांपर्यंत कैद. मे २०१६ ला हायकोर्टानं बंदी कायम ठेवली.

आता आमचा खेळ. मंत्र्यापर्यंत आधी पोचले गोरक्षणवाले आणि व्यापारी, कारण दोघांमागं संघटना. दोघंही बोलले शेतकऱ्याच्याच नावानं! त्याची पाळी आली तोवर मसुदा तयार होता. कार्यकर्त्यानं विचारलं, "म्हैस, शेळी, कोंबडी चालूच आहे, मग मांस कमी कसं होणार?" कुणीच उत्तर दिलं नाही. कारण वाद मांसाचा नव्हताच.

मग भूमिका बदलल्या. मघाचा गोरक्षणवाला शेतकरी झाला. त्याचं पहिलंच वाक्य: "कडब्याचे पैसे कोण देणार?"

हा नुसता खेळ नाही मंडळी. २०२५ च्या पावसाळ्यात गोरक्षकांच्या जाचाला कंटाळून कुरेशी समाजानं राज्यात खरेदी बंद केली, तेव्हा विकायला आणलेलं जनावर शेतकऱ्याच्याच गळ्यात राहिलं.

बंदी हवी की नको, यावर तुमचं मत काहीही असो. उद्या हवामानासाठी मांस कमी करायचं धोरण आलं तरी हेच होईल. म्हणून मागणी एकच: मसुदा लिहिण्याआधी जनावर पाळणाऱ्याला बोलवा. त्याच्या नावानं बोलणारे खूप झाले.