बोरूपासून ‘बालू भाईजान’पर्यंत

हैदराबाद संस्थानात 1884 साली फारसीच्या जागी उर्दू ही राजभाषा झाली. त्यानंतर नांदेड, कंधार, औसा, उदगीर या आपल्या भागातल्या कचेऱ्यांत आणि मदरशांत उर्दूचा लेखी व्यवहार वाढत गेला. पुढे 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं आणि शास्त्रांपासून इतिहासापर्यंतचे ग्रंथ उर्दूत येऊ लागले. हे ग्रंथ कुणी लिहिले, कुणी अनुवादले, याच्या नोंदी सापडतात. पण त्या काळी उर्दू पुस्तकाचं पान न् पान बोरूनं लिहून छापखान्यापर्यंत नेणारा माणूस म्हणजे कातिब. त्याचं नाव? शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असलं तर असलं.

मराठी वाचकाला प्रश्न पडेल, पुस्तक छापायचं तर हातानं लिहायचं कशाला? जावजी दादाजींच्या निर्णयसागरनं एकोणिसाव्या शतकातच देवनागरीचे सुरेख खिळे पाडले होते. देवनागरी शिरोरेषेला लटकून सरळ चालते. तिला शिशात उतरवणं अवघड होतं, पण अशक्य नव्हतं. उर्दूची नस्तालीक लिपी मात्र शिशाला दाद देत नाही. तिचे शब्द उजवीकडून डावीकडे येताना वरून खाली तिरपे उतरतात. शेजारी कोणतं अक्षर आहे त्यावर प्रत्येक अक्षराचं रूप ठरतं. एकटा ‘बे’ वेगळा, ‘जीम’च्या आधीचा वेगळा, ‘मीम’च्या आधीचा आणखी वेगळा. अक्षराची उंची-रुंदी बोरूच्या टोकानं पाडलेल्या नुक्त्यांनी मोजायची. असे खिळे पाडायचे तर किती पाडणार? म्हणून उर्दूनं शिळाछापाचा रस्ता धरला. कातिबानं खास तेलकट शाईनं कागदावर लिहायचं, ते दगडावर उतरवायचं आणि त्यावरून प्रती काढायच्या. मराठीलाही हा दगड परका नव्हता. गणपत कृष्णाजींनी 1831 साली मुंबईत पंचांग छापलं ते शिळाछापावरच. पण मराठी लवकरच खिळ्यांकडे वळली आणि उर्दू दीडशे वर्षं कातिबाच्या मनगटावर चालली.

ही कला आपल्या भागात आकाशातून पडलेली नाही. उदगीरहून जवळच असलेल्या बीदरला महमूद गावानचा 1472 चा मदरसा आहे. त्याच्या उरलेल्या मिनारावर आणि भिंतीवर रंगीत फरशांचं काम अजून दिसतं, अक्षरांच्या पट्ट्यांसकट. शाळेच्या सहली पन्हाळ्याला जातात, वेरूळला जातात, जरूर जाव्यात. पण नांदेड-लातूरच्या उर्दू शाळांची एखादी सहल बीदरला गेली तर पोरांना कळेल की अक्षर ही पाहण्याचीसुद्धा गोष्ट आहे.

1948 नंतर राज्य बदललं आणि 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. कचेरीतली उर्दू गेली. कातिबाकडे उरलं ते वर्तमानपत्र, लग्नाचे रुके, मुशायऱ्याचे इश्तेहार आणि दुकानांच्या पाट्या.

त्याची ही उरलेली रोजीही ज्यानं हलवली तो माणूस कलावंतच होता, आणि आपल्या जे.जे.त शिकलेला. दिल्लीत जन्मलेले मिर्झा अहमद जमील मुंबईच्या सर जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि फाळणीनंतर पाकिस्तानात स्थायिक झाले. नस्तालीकच्या सुट्या अक्षरांच्या मागे न लागता त्यांनी अक्षरांचे जोडच्या जोड स्वतःच्या हातानं लिहून काढले. ते वीस हजारांच्या आसपास भरतात. मोनोटाइप कंपनीनं ते यंत्रात बसवले आणि 1981 साली लाहोरचं ‘जंग’ या अक्षरात निघालं. वडिलांच्या नावावरून त्यांनी त्याला ‘नूरी नस्तालीक’ म्हटलं. नव्वदच्या दशकात ‘इनपेज’ आलं आणि हे अक्षर गल्लीतल्या डीटीपीवाल्यापर्यंत पोहोचलं. त्यामुळे एका कातिबाच्या कष्टानं हजारो कातिब घरी बसले. हा हिशेब कसा मांडायचा, मला अजून कळत नाही. एवढं मात्र खरं की ‘नूरी’ नसती तर आज आपल्याकडची कित्येक उर्दू साप्ताहिकं निघालीच नसती.

त्याच सुमारास मराठीत र. कृ. जोशी हेच कोडं दुसऱ्या टोकानं सोडवत होते. जाहिरातीच्या धंद्यातून आलेल्या, पवईच्या आयआयटीत शिकवलेल्या या माणसानं केलेला ‘मंगल’ फॉन्ट विंडोज 2000 बरोबर आला आणि देवनागरी घराघरातल्या संगणकावर दिसू लागली. 2008 साली ते गेले. रोज ‘मंगल’मध्ये अर्ज टंकणाऱ्या किती कारकुनांना हे नाव माहीत असेल?

आज अच्युत पालव यांच्यासारख्या सुलेखनकाराला पद्मश्री (2025) मिळते, ही आनंदाची गोष्ट. जे.जे.तून आलेल्या सलवा रसूल अरबी-उर्दू सुलेखन करतात. आमच्या मुलींना त्यांचं काम जरूर दाखवावं. आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी तर कमालच केली. ‘बालू’ नावाचा गुबगुबीत फॉन्ट त्यांनी देवनागरीसकट अनेक लिप्यांत केला. गुजरातीला ‘बालू भाई’, बंगालीला ‘बालू दा’, तमिळला ‘बालू थंबी’ आणि उर्दूला ‘बालू भाईजान’! तो फुकट मिळतो. नस्तालीक नव्हे, नस्खच्या वळणाचा आहे, त्यामुळे जुन्या डोळ्यांना खटकेल. पण ‘बालू’ आणि ‘बालू भाईजान’ एकाच पाटीवर लावून बघा. मराठी आणि उर्दू सख्ख्या भावंडांसारख्या दिसतात. ज्यांच्या घरात या दोन्ही लिप्या नांदतात, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

आमच्याकडे मूल चित्र काढताना दिसलं की अजूनही ‘वक्त बरबाद मत कर’ असं ऐकू येतं. पालकांचंही चुकत नाही. पाटी रंगवणाऱ्याचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिलेत, फ्लेक्स आल्यावर तोही कातिबाच्याच वाटेनं गेला. पण शासनाच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा उर्दू माध्यमाच्या मुलांनाही खुल्या आहेत आणि राष्ट्रीय उर्दू परिषद किताबत आणि ग्राफिक डिझाइन एकत्र शिकवणारा अभ्यासक्रम चालवते. पंढरपूरला जन्मलेल्या हुसेनांनीही मुंबईत सुरुवात केली ती सिनेमाची होर्डिंगं रंगवून.

वर्षाच्या सुरुवातीला नवी पुस्तकं वाटली की मी वर्गात पहिला धडा उघडायला लावत नाही. आधी बालभारतीच्या पुस्तकातलं ते बारीक अक्षरांचं पान काढायचं. मुखपृष्ठ कुणाचं, चित्रं कुणाची, अक्षरजुळणी कुणाची, ती नावं मोठ्यानं वाचायची. नावं पुरती संपायच्या आत कुणीतरी विचारतंच, “सर, ये लोग कहाँ रहते हैं?”