वहाणेची कुळकथा

देवळाबाहेर कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नसतो, हे आपण जाणतोच. पण खुद्द ‘वहाण’ या शब्दाचीही कधीकाळी अशीच अदलाबदल झाली आहे! मूळ संस्कृत शब्द ‘उपानह्’. पालीत जाताजाता त्यातल्या ‘न’ आणि ‘ह’ यांनी जागा बदलल्या नि झालं ‘उपाहना’. म्हणजे डाव्या पायातली उजव्या पायात. पुढे प्राकृतात ‘प’चा ‘व’ झाला, पहिला ‘उ’ कुठंतरी गळाला, आणि ‘वाहणा’ होऊन स्वारी आपल्या उंबऱ्याशी ‘वहाण’ म्हणून येऊन पडली. आमच्या बँकेत जमेची रक्कम नावे पडली तर टॅली लागेपर्यंत घरी सोडत नाहीत. इथं दोन हजार वर्षं झाली, कुणी साधं व्हाउचर मागितलेलं नाही!

बाकीची मंडळीही अशीच ठिकठिकाणची. ‘पायताण’ घरचंच, पादत्राण, म्हणजे पायाचं रक्षण करणारं. (कोल्हापुराकडे दुसऱ्याच्या डोक्यासाठीही ते सुचवतात, तो भाग वेगळा.) ‘पायपोस’ आला फारसीतून : ‘पा’ म्हणजे पाय, ‘पोश’ म्हणजे झाकणारं. ‘सँडल’ ग्रीकांची, लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी असे मुक्काम करीत आली. साबणातल्या ‘सँडल’शी तिचं काही नातं नाही हो. ते आपलंच चंदन, परदेशी फिरून नाव बदलून परतलेलं. इंग्रजीत मात्र स्पेलिंग एकच. कपाळाचं आणि पायाचं, दोन्ही खाती एकाच नावावर!

पण सगळ्यात वरची ग्रेड ‘पादुके’ची. रामाच्या पादुकांनी चौदा वर्षं अयोध्येचं राज्य सांभाळलं, ज्ञानोबांच्या पादुका पालखीत बसून आळंदीहून पंढरीला जातात. वहाणेला मात्र म्हण बजावते, पायातली वहाण पायातच बरी. आणि ही म्हण आपण चामड्याला थोडीच ऐकवतो? माणसांनाच ऐकवतो.

उपकार फारच झाले की ‘अंगाच्या कातड्याचे जोडे करून घालीन’ असं आपण म्हणतो. म्हणायला पैसे पडत नाहीत. बाराव्या शतकातल्या कल्याणच्या हरळय्या चर्मकाराने आणि त्याच्या पत्नीने मांडीचं कातडं काढून बसवेश्वरांसाठी खरोखरच तसे जोडे शिवले, अशी कथा आहे. बसवेश्वरांनी ते पायात घातले नाहीत, मस्तकी धरले. पुढे हरळय्याच्या मुलाचा विवाह ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी लागला, आणि परंपरा सांगते की बिज्जळ राजाने दोन्ही बापांना देहान्त दिला. जोडे डोक्यावर चालले. शिवणारा व्याही म्हणून चालला नाही.

जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारखीच चप्पल ‘लेदर सँडल’ म्हणून मिरवली. कोल्हापूरचं नाव घेतलं नाही म्हणून आपण सगळे खवळलो. रास्तच होतं ते. फक्त आपल्या पायातली वहाण ज्याने शिवली, त्याचं नाव काय, हे जाताजाता कुणीतरी एकमेकांना विचारायला हवं होतं.