इंडिका : इंजिने आणि श्रेणी

टाटा समूहातल्या टेल्कोची (नंतरची टाटा मोटर्स) पुण्यात घडलेली लहान मोटार. जानेवारी 1998 मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली आणि 30 डिसेंबर 1998 रोजी विक्रीस निघाली. बाह्यरूप तुरीनच्या आय.डी.ई.ए. संस्थेच्या सहकार्याने ठरले. त्यातला टाटांच्या अभियंत्यांचा वाटा नेमका किती, यावर एकमत नाही. उत्पादनासाठी निसानचा ऑस्ट्रेलियातला बंद पडलेला कारखाना विकत घेऊन त्याची यंत्रसामग्री जहाजाने आणून चिखलीला बसवली.

इंजिने : इंडिकाचे खरे वैशिष्ट्य इथे आहे. इंजिनाच्या 475 या नावातच त्याची मापे आहेत : चार सिलिंडर आणि 75 मिलिमीटर बोअर. स्ट्रोक 79.5 मिलिमीटर, म्हणजे क्षमता 1,405 सीसी. पेट्रोल आणि डिझेल दोन्ही इंजिनांची क्षमता हीच. विकासात फ्रान्सच्या ‘ल मोतर मोदर्न’ या संस्थेची मदत झाली. डिझेल इंजिन टर्बोविना, सुमारे 53 हॉर्सपॉवरचे. त्यात इंधन आधी सिलिंडरच्या माथ्यावरच्या छोट्या कोठीत पेट घेई. त्यामुळे थंडीत सकाळी चावी अर्धी फिरवून हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबावे लागे. मगच स्टार्टर मारायचा. वेग बेताचा, आवाज भरपूर. पण त्या काळी पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त असलेले डिझेल आणि गाडीचे चांगले ॲव्हरेज यांमुळे टॅक्सीवाल्यांनी ती उचलून धरली. पेट्रोल इंजिनाला ‘इंडिका 2000’ मध्ये मल्टीपॉइंट इंजेक्शन (एमपीएफआय) मिळाले आणि शक्ती 75 हॉर्सपॉवरवर गेली.

श्रेणी : नावातली अक्षरे वेळोवेळी बदलली. डिझेलमध्ये डीएलई, डीएलएस, डीएलजी, डीएलएक्स; पेट्रोलमध्ये पुढे जीएलई, जीएलएस, जीएलएक्स. डीएलईमध्ये पॉवर स्टिअरिंग नसे. डीएलएक्समध्ये पॉवर विंडो आणि सेंट्रल लॉकिंगही येई. फरक सुखसोयींचा, डिझेलच्या या श्रेणींत इंजिन एकच.

सुधारित आवृत्ती : व्ही 2, 2001.

झेटा : 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या गाड्यांचे अबकारी शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आले. अट होती पेट्रोल इंजिन 1,200 सीसीपर्यंत आणि डिझेल 1,500 सीसीपर्यंत असण्याची. इंडिकाचे डिझेल आपोआप त्यात बसले. पेट्रोल बसेना, म्हणून झेटा या पेट्रोल इंडिकासाठी 1,193 सीसीचे इंजिन आले.

निर्यात : ब्रिटनमध्ये ही गाडी 2003 ते 2005 या काळात ‘सिटीरोव्हर’ म्हणून विकली गेली. फक्त 1,405 सीसी पेट्रोल इंजिन. श्रेणी सोलो, सिलेक्ट, स्प्राइट आणि स्टाइल.

उत्पादन 2018 मध्ये थांबले.