उपयोग संपला, हेतू संपत नाही



घरभेटीला गेल्यावर अंथरुणाला खिळलेली वडीलधारी माणसे पुष्कळदा विचारतात, "आता माझा काय उपयोग? देवाने मला कशाला ठेवले आहे?" या दोन प्रश्नांना आपण एकच समजतो. पण ते वेगळे आहेत, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रातून दिसते.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराणे सांगत. दुष्काळात हे विद्वान कुटुंब उपाशी पडले. वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले, तेव्हा मुलाने मोलमजुरीची तयारी दाखवून त्यांना अडवले. तरी १८७४ साली वडील गेले आणि पाठोपाठ आईही गेली. भूक माणसाला स्वतःचे जीवन फोल ठरवायला कशी लावते, हे रमाबाईंनी लहान वयातच पाहिले.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व विधवा घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यांच्यासाठीच वाढले. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधूनही शेकडो मुली आल्या. त्यांच्यात बालविधवा होत्या. पती गेला की स्त्रीच्या जगण्याला अर्थ उरत नाही, असे मानणारा तो समाज होता.

मुक्तीत या मुली शेती, विणकाम आणि छापखान्याचे काम शिकल्या. यावर कोणी म्हणेल, "काम मिळाले म्हणून त्यांच्या जीवनाला हेतू मिळाला." पण तिथे वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी प्रीती सदन होते, अंध स्त्रियांचीही वेगळी सोय होती. रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल लिपी शिकली आणि अंध मुलींना वाचायला शिकवू लागली. ज्यांच्या हातून काहीच होणार नव्हते, त्यांनाही ताट आणि अंथरूण मिळाले. निव्वळ उपयोगाचा हिशेब मांडला असता, तर ही दारे उघडलीच नसती. आधी त्यांना घरात घेतले, मग जमेल ते काम दिले. बार्तीमयाला लोक गप्प करत होते, तेव्हा प्रभूनेही आधी थांबून त्याला जवळ बोलावले.

हीच कसोटी पुढे रमाबाईंची स्वतःचीही झाली. त्यांना ऐकू येईनासे झाले. जिच्या हाती काम सोपवायचे, ती मनोरमा १९२१ साली वारली. तरीही त्यांनी मूळ इब्री व ग्रीक भाषांतून मराठी बायबलचे भाषांतर पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण बायबल त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले. फळ पाहायला मिळाले नाही, म्हणून त्यांचे जीवन अपुरे ठरले नाही. ज्याने जीवन दिले, त्यानेच त्याचा हेतू ठरवला होता.

म्हणून अंथरुणावरच्या माणसाला "तुम्ही अजून उपयोगी आहात" असे उगाच पटवू नये. त्यांच्याजवळ बसावे, हात हातात घ्यावा आणि सांगावे, "तुम्ही देवाचे आहात. कामाला लागण्याआधीही होता, आताही आहात."

हे देवबापा, जे काहीच करू शकत नाहीत, त्यांना तुझे म्हणून ओळखायला आम्हाला शिकव. आमेन.