सवलत कोणाला मिळते? बोरघाटापासून माइल्सपर्यंतचा प्रवास

१/ कर्जत-खालापूर परिसरातील कुंभिवली हे घाटाखालचे गाव. अशा गावातून देवदर्शनाला किंवा नातलगांकडे निघालेले कुटुंब आधी हिशेब मांडते : पूर्ण तिकिटे किती, अर्धी किती, सवलत कोणाकोणाला. आता या हिशेबात एका नव्या रकान्याची भर पडली आहे. तो म्हणजे कार्डावरचे पॉइंट आणि विमान कंपन्यांचे माइल्स. हा रकाना कोठून आला? आणि तो येण्यापूर्वी सामान्य कुटुंबाचा प्रवास कोणी स्वस्त केला? वाचकहो, या धाग्यात त्याचाच मागोवा घेऊ.

२/ सुरुवात घाटापासून. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. १८५६ मध्ये रूळ पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत आले आणि १८५८ मध्ये घाटमाथ्यावरून खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला. मधला बोरघाट मात्र तसाच राहिला. खोपोलीला उतरायचे आणि पालखी, तट्टू किंवा गाडीने खंडाळा गाठायचा. बायकामुले आणि सामानसुमान घेऊन निघालेल्यांसाठी हाच टप्पा सर्वांत कष्टाचा होता. १८६३ मध्ये पंचवीस बोगदे आणि ३७ फुटांना १ फूट असा चढ असलेला घाटमार्ग खुला झाला आणि ही उतरंड-चढंड संपली. इथे प्रवास सुकर केला तो डोंगर फोडणाऱ्या हजारो मजुरांनी. त्यांतील कित्येकांनी रोगराईत आणि अपघातांत प्राण गमावले.

३/ पुढे रेल्वेच्या प्रवासी उत्पन्नाचा मोठा भार तिसऱ्या वर्गाने उचलला. गर्दी, धक्काबुक्की आणि अपुऱ्या सोयी सोसत माणसे वर्षानुवर्षे त्याच गाडीने जात राहिली. एवढ्या इमानी गिऱ्हाइकाला कंपनीने बक्षीस का दिले नाही? कारण त्याला दुसरीकडे जाण्याची वाटच नव्हती. या धाग्याचे मुख्य सूत्र हेच : गिऱ्हाईक सोडून जाईल अशी भीती असेल, तरच व्यापारी निष्ठेची किंमत मोजतो.

४/ या सूत्राचा पडताळा दक्षिणेत मिळतो. १९०६ साली व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी तुतिकोरिन येथे स्वदेशी आगबोट कंपनी काढली. तुतिकोरिन-कोलंबो मार्गावरील ब्रिटिश कंपनीने लगेच भाडे खाली आणले. शेवटी तिने फुकट प्रवास आणि वर एक छत्रीही देऊ केली, असे सांगितले जाते. १९०८ मध्ये चिदंबरम यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात टाकण्यात आले आणि काही वर्षांतच स्वदेशी कंपनी मोडली. प्रतिस्पर्धी गेला, तेव्हा छत्री देण्याचे कारणही संपले. ती भेट स्पर्धेतले एक हत्यार होती.

५/ व्यापारी स्पर्धेबाहेरही सवलतीची एक परंपरा आहे. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणारी इंजिने कर्जतला जोडली जातात, त्यामुळे या भागाला रेल्वेची नोकरी परिचयाची आहे. त्या नोकरीतला 'पास' म्हणजे सेवेच्या वर्षांनी कमावलेला प्रवास. १९८६ च्या पास नियमांनुसार क वर्गातील कर्मचाऱ्याला पहिली पाच वर्षे वर्षाला एक संच आणि त्यानंतर तीन संच मिळतात. शिवाय एकतृतीयांश भाड्यात प्रवास करण्याचे आदेशही मिळतात. महत्त्वाचे असे, की नियमात 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या आहे. पास एकट्या नोकरदाराचा नसून त्याच्या घराचा असतो.

६/ हाच विचार १९५६ मध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी रजा प्रवास सवलतीच्या रूपाने आला. आधी प्रश्न होता मूळ गावी जाण्याचा. नोकरीसाठी दूर गेलेल्या माणसाने दोन वर्षांतून एकदा तरी मुलाबाळांसह गावी जावे, म्हणून शासनाने भाड्याचा वाटा उचलला. पुढे भारतात कोठेही जाण्याची मुभा मिळाली. अनेक मध्यमवर्गीय मराठी घरांनी दिल्ली, काश्मीर किंवा कन्याकुमारी प्रथम पाहिली ती याच सवलतीवर.

७/ सरकारी नोकरी नसलेल्यांचे काय? १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनची पहिली बस धावली. १९८८ पासून एस.टी.ने 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना सुरू केली. एकदाच पैसे भरून चार किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि त्या दिवसांत राज्यभर कोठेही फिरायचे. मुलांचा पास साधारण निम्म्या दरात मिळतो. खोपोलीहून निघून पंढरपूर, तुळजापूर, कोल्हापूर करून परतणाऱ्या कुटुंबाचा खर्च आधीच ठरलेला असतो. जितके अधिक फिराल तितका दर मैली खर्च उतरतो.

८/ आता माइल्सकडे वळू. खरेदीवर बक्षीस देण्याची चाल जुनी आहे. अमेरिकेत १८९६ पासून स्पेरी अँड हचिन्सन ही कंपनी दुकानांमार्फत हिरवी तिकिटे वाटत असे. गृहिणी ती वहीत चिकटवून वस्तू घेत. १९७८ मध्ये तेथील विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठले, कंपन्यांत चुरस लागली आणि प्रवासी धरून ठेवण्याची निकड निर्माण झाली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'ए-अ‍ॅडव्हांटेज' सुरू केले. आरक्षणाच्या संगणकामुळे प्रत्येक प्रवाशाची वही आता कंपनीच ठेवू लागली.

९/ भारतात हे उशिरा आले. १९५३ मध्ये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि देशांतर्गत मार्गांवर दीर्घकाळ एकच सरकारी कंपनी राहिली. मग निष्ठा विकत घ्यायची कशाला? १९९३ मध्ये जेट एअरवेज उडाली, १९९४ मध्ये जुना कायदा रद्द झाला आणि मग आपल्याकडेही माइल्सची खाती रुजली. तिसऱ्या मुद्द्यातले सूत्र इथे पुन्हा खरे ठरते.

१०/ माइल्स हे एका परीने कंपनीने पाडलेले नाणे असते. बँका ते कंपनीकडून विकत घेऊन कार्डधारकांना वाटतात. त्याचे मोल इतके, की २०२० च्या साथीत युनायटेड एअरलाइन्सने आपली माइल्स योजना तारण ठेवून सुमारे ६.८ अब्ज डॉलर उभे केले. पण नाण्याचा भाव ठरवते ती टांकसाळच. काल जितक्या माइल्सना तिकीट मिळत होते तितक्यांना ते उद्या मिळेलच, याची हमी नाही. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटची उड्डाणे थांबली. तिची माइल्सची खाती वेगळ्या कंपनीकडे होती म्हणून वाचली आणि त्याच वर्षी 'इंटरमाइल्स' झाली. नाणे उरले, पण ज्या विमानासाठी ते जमवले ते विमान उरले नाही.

११/ मार्च २०२० मध्ये रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत थांबवली. तोवर पुरुषांना ४० टक्के आणि स्त्रियांना ५० टक्के सूट होती. याच काळात रेल्वे तिकिटांवर पॉइंट देणारी कार्डे मात्र चालू राहिली. म्हणजे सूट वयाकडे पाहत होती, पॉइंट खर्चाकडे पाहतात. ज्या आजीकडे कार्ड नाही, तिच्या वहीत काहीच जमा होत नाही. एस.टी.ने उलट वाट धरली : ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे.

१२/ म्हणून माइल्स टाकाऊ ठरतात काय? मुळीच नाही. घरचा नेहमीचा खर्च एका खात्यावर एकवटला, कार्डाचे देणे दरमहा पूर्ण फेडले, मुदत संपण्याआधी पॉइंट वापरले आणि 'फुकट' तिकिटावरही कर भरावे लागतात हे ध्यानात ठेवले, तर कुटुंबाच्या एखाद्या सहलीचा भार नक्कीच हलका होतो. एक महिना देणे थकले तर व्याज मात्र सारे पॉइंट गिळून टाकते.

१३/ पास आणि सवलत यांमागे हक्काची भाषा होती. हक्क काढून घेतला तर जाब विचारता येतो, आंदोलन करता येते, विधिमंडळात प्रश्न मांडता येतो. माइल्समागे कराराची भाषा आहे आणि करारातील अटी कंपनी बदलू शकते. घाटाखालच्या कुटुंबाने पॉइंट जरूर जमवावेत. पण आजीच्या अर्ध्या तिकिटाचा प्रश्न सोडून देऊ नये, कारण तो रकाना कोणतेही कार्ड भरून देणार नाही.